वहीतली विजेची विडी

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना आटोपत आला असताना आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेणारा एक मुलगा एकटाच आत आला. आजारी तो नव्हता. पिशवीतून त्याने दोनशे पानी वही काढली, मधले पान उघडले आणि माझ्यासमोर ठेवले. "डॉक्टर, एवढं तपासून द्या. करायच्या आधी विचारावं म्हटलं."

पानावर पेन्सिलीने आकृती काढली होती. एक धातूची नळी, नळीत बॅटरीचा सेल, बटण, तारेचे वेटोळे, त्यात कापूस आणि शेवटी ओठांत धरायचे टोक. बाजूला सामानाची यादी होती: बंद पडलेल्या लॅपटॉपमधला सेल, शेगडीची तार, ग्लिसरीन, तंबाखू, वेलदोड्याचे तेल. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'अण्णांसाठी'.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. सहा वर्षांपासून माझे पेशंट. दिवसाला विडीचे एक बंडल सहज संपते. श्वासनलिकांचा जुना विकार, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो, तो आता इतका वाढला आहे की विहिरीवरून घरापर्यंत येताना दोनदा बसावे लागते. मुलाने मोबाइलवर कुठेतरी पाहिले होते की ई-सिगारेट, म्हणजे ज्याला पोरे 'व्हेप' म्हणतात, तिच्यात तंबाखू जळत नाही, धूर होत नाही, नुसती वाफ येते. विकत घ्यायची सोय नाही, मग घरीच करू, असा त्याचा बेत.

वाचकहो, मी रागावणारच होतो. पण कल्पना काही मूर्खपणाची नव्हती. आजची ई-सिगारेट ज्याने २००३ च्या सुमारास तयार केली, तो चीनमधला हॉन लिक नावाचा औषधशास्त्रज्ञ. तो स्वतः सिगारेटी ओढत असे आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. म्हणजे आमच्या या पोराच्या आणि त्याच्या डोक्यात एकच विचार आला म्हणायचा. म्हणून मी कंपाउंडरला दार लोटून घ्यायला सांगितले आणि आम्ही दोघे ती वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट सेल. लॅपटॉपच्या पॅकमध्ये बोटाएवढे गोल सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. हे लिथियम-आयनचे असतात. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. मुलाचे म्हणणे, "डॉक्टर, चार व्होल्टनं काय शॉक बसतोय?" बरोबर आहे, शॉक बसत नाही. धोका शॉकचा नाहीच. या सेलच्या पोटात धन आणि ऋण बाजूच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. भोवती जो द्रव असतो तो पेट घेणारा. रॉकेलच्या जातीचा समजा. सेल चेपला, जास्त भरला, किंवा त्यातून एकदम फार वीज खेचली, तर आत उष्णता होते. त्या उष्णतेने आतली रसायने फुटतात, त्यातून आणखी उष्णता होते, आणि हे चक्र मग कोणाच्या हातात राहत नाही. बटण सोडले तरी थांबत नाही. लॅपटॉपच्या पॅकमध्ये हे आवरायला एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. पोराने ती काढून फेकून दिली होती, कारण "नळीत बसत नव्हती".

शिवाय लॅपटॉपचा सेल सावकाश वीज द्यायला केलेला असतो, तार लालभडक करायला नव्हे. जुन्या पॅकमधले सेल तर थकलेलेच असतात, म्हणून तो पॅक बाहेर पडलेला.

आणि हा सेल धातूच्या नळीत, दोन्ही बाजूंनी बंद. आपल्याकडे दिवाळीत ज्यांनी सुतळी बॉम्बवर डबा उपडा घातला असेल त्यांना पुढचे सांगायला नको. अमेरिकेच्या अग्निशमन विभागाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात वर्तमानपत्रांतून आलेल्या ई-सिगारेटच्या आगी व स्फोट त्यांनी मोजले, ते १९५ निघाले. त्यांत १३३ जखमा झाल्या. निम्म्याहून जास्त घटना वस्तू खिशात असताना किंवा ओढत असतानाच घडल्या.  पुढे २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडात ३८ वर्षांचा एक माणूस अशा स्फोटात गेला, आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये २४ वर्षांचा एक तरुण. त्या तरुणाच्या मानेतली, मेंदूला रक्त नेणारी धमनी उडालेल्या तुकड्याने फाटली होती.

मी मुलाला विचारले, "अण्णा ही वस्तू कुठं ठेवणार?" तो म्हणाला, "सदऱ्याच्या खिशात, विडीच्या जागी." म्हणजे छातीवर. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांशी लागला तरी तो शॉर्ट होऊन पेटू शकतो, हे घरोघर माहीत असायला हवे, कारण हल्ली टॉर्चमध्ये आणि खेळण्यांतसुद्धा हेच सेल येतात. फुगलेला सेल पुन्हा चार्जिंगला लावू नये, घंटागाडीतही टाकू नये. पेट घेईल अशा वस्तूंपासून दूर, घराबाहेर, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. भाजलेच तर जळते कपडे आधी काढा, वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी घाला. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. आणि डॉक्टरांना सांगा की बॅटरीने भाजले आहे. बॅटरीच्या भाजण्यात रसायनही असते, त्यामुळे वरून लहान दिसणारी जखम खोल निघू शकते.

दुसरी गोष्ट तार. शेगडीची तार बहुधा निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची असते. पोळी भाजायला ती ठीक. पण तिच्यावरून येणारी हवा आपण छातीत घेणार. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ५६ जणांच्या रोजच्या वापरातल्या ई-सिगारेटी तपासल्या तेव्हा त्यांच्या वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम, मँगनीज सापडले. आमच्या पोराने तर तार जोडायला कथिलाचा डाग दाखवला होता. दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या तारेत पुष्कळदा शिसे असते आणि ती दोनशे अंशांच्या आतच वितळते. वेटोळे त्याहून जास्त तापते.

कापसाचे म्हणाल तर तो ओला आहे तोवर ठीक. कोरडा पडला की करपतो, आणि ग्लिसरीन जास्त तापले की त्यातून अॅक्रोलिन नावाचा वायू निघतो. हा वायू आपल्या गृहिणींना चांगला माहीत आहे, फक्त नावाने नाही. कढईतले तेल विसरून जास्त तापले की निळसर धूर येतो, डोळे चुरचुरतात, घरभर खोकला सुटतो. तोच तो. दम्याच्या आणि सीओपीडीच्या माणसाला तो मुद्दाम ओढायला द्यायचा?

तिसरी गोष्ट पातळ औषध, आणि माझ्या मते वहीतले सर्वांत घातक पान हेच होते. यादीत 'ग्लिसरीन, अर्धा लिटर, केमिकलच्या दुकानातून' असे लिहिले होते. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची, १९८६ सालची गोष्ट. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दिसायला दोन्ही सारखीच, पारदर्शक, घट्ट, गोडसर. आमच्या त्या बॅचमधला एकही डॉक्टर ग्लिसरीनच्या बाटलीकडे सहज नजरेने पाहत नाही.

वेलदोड्याचे तेल वासासाठी होते. "खायचंच तेल आहे की," मुलगा म्हणाला. पोटात जे पचते ते फुप्फुसात पचत नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुणांना एकाएकी धाप लागू लागली, कित्येकांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यांतले ६८ मेले. मुख्य दोषी ठरले व्हिटॅमिन ई अॅसिटेट. हा पदार्थ गोळ्यांत असतो, चेहऱ्याच्या क्रीममध्ये असतो. तिथे निरुपद्रवी. गांजाच्या अर्कात भेसळ म्हणून घातला आणि वाफेने छातीत गेला तेव्हा माणसे मेली.

राहिली तंबाखू. ती भिजवून, उकळून निकोटीनचा अर्क काढायचा बेत होता. त्या अर्कात निकोटीन किती हे घरात कसे कळणार? निकोटीन कातडीतूनही शिरते. ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना त्यामुळेच मळमळ, उलट्या, चक्कर येते. अर्क जास्त झाला तर लाळ सुटते, घाम फुटतो, छाती धडधडते, पुढे झटके येतात आणि श्वास बंद पडतो. या मुलाला एक लहान बहीण आहे. गोड वासाची बाटली फळीवर ठेवली तर ती तोंडाला लावणार नाही याची हमी कोण देणार? २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात एक लहान मूल असेच द्रवरूप निकोटीन पोटात जाऊन गेले.

मुलगा हुशार. तो म्हणाला, "पण डॉक्टर, इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच लोकांना हे ओढायला सांगतात." हे खोटे नाही. तिथे सिगारेट सोडवायला ई-सिगारेटचा उपयोग करतात आणि काहींची त्याने सुटतेही. पण तिथे कायद्याने टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, आणि तिथेही ती निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणत नाही. आपल्या देशाने वेगळा मार्ग धरला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. विकणेच नव्हे, ई-सिगारेट तयार करणेही गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्य की अयोग्य यावर डॉक्टरांतही वाद आहेत. पण इंग्लंडची ती तपासलेली वस्तू आणि वहीतली ही नळी यांत नावापलीकडे काही सारखे नाही.

एवढे सगळे ऐकून पोराने वही मिटली आणि शांतपणे म्हणाला, "सहा वर्षं तुम्ही अण्णांना 'विडी सोडा' सांगताय. कशी सोडायची ते कधी सांगितलंत का?"

मी निरुत्तर झालो. खरेच सांगितले नव्हते. बाहेर पस्तीस पेशंट बसलेले, पंप लिहून द्यायचा, 'विडी सोडा' म्हणायचे आणि घंटी वाजवायची. हा माझा शिरस्ता. वाचकांपैकी कित्येकांना आपापल्या डॉक्टरांचा अनुभव असाच असेल. म्हणून त्या दिवशी न सांगितलेले इथे लिहितो.

विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते हा भ्रम आहे. ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि लागोपाठ मारावे लागतात, त्यामुळे विष कमी जात नाही. सवय निकोटीनची असते, म्हणून निकोटीनच मोजून देऊन ती सोडवता येते. त्यासाठी निकोटीनचे च्युइंगगम, गोळ्या आणि कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. गम सुपारीसारखे सतत चघळायचे नाही. थोडे चावून जिभेला चुरचुर लागली की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचे, चुरचुर गेली की पुन्हा चावायचे. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असेपर्यंत चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. अण्णांच्या दाढा गेलेल्या, म्हणून त्यांना पट्टी दिली. याखेरीज बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या आहेत, त्या मात्र डॉक्टरांनी तपासूनच द्यायच्या. आणि सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे, त्यावर समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात व पुढेही चौकशी करतात. विडीऐवजी मिश्री किंवा गुटखा ही अदलाबदल नको, तो कर्करोग तोंडाला बोलावणे आहे.

अण्णांची अडचण वेगळीच निघाली. "डाक्टर, सकाळची इडी वढल्याबिगर पोट साफ हुत न्हाई." ही तक्रार मी हजार वेळा ऐकली आहे आणि हजार वेळा हसण्यावारी नेली आहे. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा त्यांचे म्हणणे खरेच आहे. रात्री इसबगोल, पहाटे उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी आणि ठरल्या वेळी परसाकडे, एवढे सुचवले. पहिले दोन आठवडे चिडचिड होणार, झोप मोडणार, खोकला उलट थोडा वाढेल, हे घरच्यांना बोलावून सांगितले.

सेल मुलाने आयटीआयच्या सरांकडे जमा केला. आकृतीचे पान त्याने फाडले नाही, त्याच्या पाठीमागे रोजच्या विड्यांचा हिशेब मांडला आहे. पहिल्या दिवशी बावीस, मग सतरा, मध्ये एकदा लग्नाला गेले तेव्हा पुन्हा एकोणीस, मग अकरा, सहा. गेल्या मंगळवारी दोन होत्या. एक रात्री जेवणानंतरची आणि एक पहाटेची. जेवणानंतरची या आठवड्यात बंद करायचे ठरले आहे. पहाटेची अजून अण्णा सोडायला तयार नाहीत.