नोकरी गेली, प्रार्थनाही सुचत नाही

प्रश्न : चाकण एमआयडीसीतले माझे कंत्राटी काम सुटले. घरभाडे थकले आहे. चर्चमध्ये बसतो, पण प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत. माझा विश्वास संपला का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. स्तोत्रसंहितेतले 13 वे स्तोत्र वाचा. ते देवाकडे थेट तक्रार करत सुरू होते आणि भरवशावर संपते. देवापुढे रडणे, जाब विचारणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. दुष्काळात आई-वडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही दुःख टळले नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही मुक्ती सदनातल्या निराधार स्त्रियांची सेवा आणि बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ख्रिस्ती आशा संकट टळण्याची हमी देत नाही. संकटात देव सोबत आहे, या खात्रीवर ती उभी असते.

आता तीन गोष्टी करा. पाळकांना आणि मंडळीतल्या एखाद्या विश्वासू कुटुंबाला खरी परिस्थिती सांगा. एकमेकांची ओझी वाहणे हे मंडळीचे कामच आहे. कंत्राटदाराकडून थकीत पगार आणि पीएफचा हिशेब लेखी मागा. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आजच टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. मदत मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. या रविवारी उपासनेनंतर लगेच घरी जाऊ नका, पाळकांना भेटा.