आपले काम आपल्या हातांनी

मुलांनो, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतीयांचे सरासरी आयुष्य सुमारे ७१ वर्षे होते. पण निरोगी आयुष्य सुमारे ६० वर्षेच होते. हे अंतर कमी कसे करावे?

हालचाल थांबली की पायांतील शक्ती कमी होते आणि माणूस परावलंबी होतो. म्हणून दादीजानच्या हातातले काम प्रेमानेही काढून घेऊ नका. त्यांना ज्वारी निवडू द्या. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; तेव्हा दादाजानबरोबर पहाटेच फिरायला जा. म्हातारपणी तहान कमी जाणवते, म्हणून त्यांना आठवणीने पाणी द्या. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवा.

मदत अवश्य करा. पण जे त्यांना जमते, ते त्यांनाच करू द्या. त्यातच त्यांचा मान आहे.