राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि आपल्या मुलांची भाषा

आपल्या पाल्यास मराठी माध्यमात घालावे की इंग्रजी, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक पालकसभेत निघतो. शालेय शिक्षणासाठी २०२३ साली प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा वाचल्यास हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला पाहिजे, असे वाटू लागते. कोणती भाषा, यापेक्षा कोणती भाषा कोणत्या वयात आणि कोणत्या क्रमाने, यावर त्या आराखड्याचा भर आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वीची १०+२ ही रचना मोडून ५+३+३+४ ही रचना स्वीकारली. तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा पायाभूत स्तर म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी. त्यानंतर पाचवीपर्यंत पूर्वतयारी स्तर, आठवीपर्यंत मध्य स्तर आणि बारावीपर्यंत माध्यमिक स्तर. विज्ञान, सामाजिक शास्त्रे, व्यवसाय शिक्षण अशी विषयांची स्वतंत्र विभागणी मध्य स्तरापासून सुरू होते. त्याआधी परिसराचे ज्ञान एकाच विषयात गुंफलेले असते.

भाषांना या आराखड्यात नावे नाहीत, क्रमांक आहेत: आर-१, आर-२ आणि आर-३. ज्या भाषेत मूल प्रथम वाचावयास व लिहावयास शिकते ती आर-१. ती शक्यतो मातृभाषा असावी आणि ते व्यवहार्य नसेल तेथे राज्यभाषा असावी, अशी अपेक्षा आहे. आर-२ ही दुसरी कोणतीही भाषा, अर्थात इंग्रजीही, असू शकते. आर-३ सहावीपासून येते. तिन्हींपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात, एवढेच बंधन. धोरणाने निदान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरच्या वा स्थानिक भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. परंतु त्यास 'शक्य असेल तेथे' अशी पुस्ती जोडली आहे. ही पुस्ती लहान दिसते, पण व्यवहारात सारे तिच्यावरच अडते.

आपल्या वसतिगृहांत येणाऱ्या मुलांचेच पाहा. कोणी वऱ्हाडी बोलत येतो, कोणी झाडीबोली, कोणी अहिराणी. कोणाच्या घरी गोंडी किंवा कोरकू असते. पाठ्यपुस्तकातील मराठी यांपैकी कोणाच्याही ओठावरची नसते. म्हणून मराठी माध्यम घेतले की मातृभाषेतून शिक्षण झाले, हा आपला समज अर्धाच खरा आहे. घरची बोली वर्गात बोलू देऊन तिच्या आधाराने प्रमाण मराठीकडे नेणारा शिक्षक असेल, तरच आर-१ चा हेतू सफल होतो. बोली बोलल्याबद्दल हसे झालेले मूल पुढे कोणत्याच भाषेत मोकळे होत नाही. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बांधण्याची अनुज्ञा मागितली असता तथागतांनी ती नाकारली, ही विनयपिटकातील कथा आपणांस परिचित आहे. तिच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद असले, तरी लोकांची वाणी हीन मानू नये एवढा बोध घ्यावयास हरकत नसावी.

इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांस दोष देणे मला मात्र योग्य वाटत नाही. ज्या समाजास शतकानुशतके ज्ञानापासून दूर ठेवले गेले, त्यास इंग्रजीचे मोल कोणी समजावून सांगावयास नको. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढले आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत लिहिला. कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे याचे त्यांस पुरते भान होते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. तेव्हा आर-२ म्हणून इंग्रजी आपणांस मिळालेलीच आहे. ती पाठांतरापुरती शिकविली जाते की मूल त्या भाषेत दोन वाक्ये स्वतःची बोलू शकते, हे पालकांनी शाळेस विचारावे. माध्यम बदलण्यापूर्वी हा प्रश्न विचारणारे पालक फार थोडे भेटतात. दुसरी संपताना मुलास कोणत्याही एका भाषेत समजून वाचता येत नसेल, तर माध्यम कोणतेही असो, पुढचे सर्व विषय त्याला जड जातात.

राहिली आर-३. शालेय वयात भीमरावांस संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ते अस्पृश्य म्हणून ती शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांस फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केली, पालीचा अभ्यास केला आणि पालीचा कोश सिद्ध करण्याचे कामही केले. आज असा नकार कोणी देऊ शकत नाही. २०२० च्या धोरणात अभिजात भाषांच्या पर्यायांत पालीचा नामनिर्देश आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी व पाली या दोन्ही भाषांस केंद्राने एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आणि आपल्या राज्याच्या दहावीच्या परीक्षेत पाली हा विषय आहेच. मराठी, इंग्रजी आणि पाली असा क्रम लावला तर दोन भारतीय भाषांची अट पूर्ण होते.

यात हिंदी सुटते, हे खरे. २०२५ च्या एप्रिल व जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय निघाले व तीव्र विरोधानंतर २९ जूनला मागे घेतले गेले, तेव्हा तिसऱ्या भाषेची चर्चा घरोघरी झाली. त्या चर्चेत पालीचे नाव क्वचितच ऐकू आले. याचे कारण साधे आहे. पर्याय कागदावर असतो, आणि वर्गात तो शिक्षकाच्या रूपाने यावा लागतो. पाली शिकविणारा शिक्षक ज्या शाळेत नाही, तेथील विद्यार्थी हिंदी किंवा संस्कृतच घेणार. पदवीस पाली घेतलेले माजी विद्यार्थी आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी कोणी सहावीच्या वर्गासाठी आठवड्यातून दोन तासिका देऊ शकला, तर ती मुले दहावीपर्यंत पाच वर्षे ही भाषा शिकतील.