५५ इंच ठीक, पण आवाजाचं काय?

प्रश्न : सोफा ते भिंत आठ फूट अंतर आहे. ४३ इंची टीव्ही घ्यावा की ५५? सासूबाईंना मालिकांतले संवाद नीट कळत नाहीत, साउंडबार लागेल का?

उत्तर : ५५ बिनधास्त घ्या. फोर-केसाठी पडद्याच्या कर्णाच्या दीडपट अंतर पुरतं, म्हणजे सुमारे सात फूट. भिंतीवर चार फूट रुंदी मोकळी आहे ना, तेवढं टेपने मोजा. शोरूममधल्या भडक रंगांना भुलू नका.

खरी अडचण आवाजाची. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे शब्द पार्श्वसंगीतात बुडतात (मालिकांत ते काही कमी नसतं!). नुसत्या मोठ्या सबवूफरने धडधड वाढेल, शब्द नाहीत. संवादांसाठी मधला वेगळा स्पीकर असलेला ३.१ चॅनलचा साउंडबार बघा आणि ‘डायलॉग’ मोड लावा. ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडलात, की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो; सासूबाईंना आणखी एक रिमोट सांभाळायला नको. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर बारची उंची आधी बघा, नाहीतर रिमोटचा सेन्सरच झाकला जातो.