सिगरेट सांगून सोडावी की गुपचूप?

प्रश्न : वय ३९. राहतो नायगाव पूर्वेला, नोकरी अंधेरीत. सोळा वर्षं सिगरेट ओढतोय, दिवसाला आठ-दहा. लोकलमध्ये आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. अंधेरीला उतरलो की त्यातले पाच जण टपरीवर थांबतो. एक कटिंग, एक सुटी. याआधी दोनदा सोडली, दोन्ही वेळा कुणाला न सांगता. दोन्ही वेळा दहा-बारा दिवसांनी पुन्हा सुरू झाली. आता गणपतीपासून सोडायचं ठरवलं आहे. बायको म्हणते, ग्रुपला सांगून टाका. मला वाटतं, मनाचा निश्चय पक्का असेल तर दुसऱ्याची गरज का पडावी? आणि सांगूनही जमलं नाही तर हसं होईल ते वेगळंच. सोडणाऱ्याला इतरांचा आधार लागतो याला खरंच काही शास्त्रीय कारण आहे, की ही नुसती म्हणायची गोष्ट?
— एक वाचक, नायगाव (पूर्व)

उत्तर : वहिनींचं ऐका. सांगा. मात्र सगळ्या गावाला सांगण्याची गरज नाही. मोजक्या माणसांना सांगा आणि त्यातल्या प्रत्येकाला एकेक काम द्या. ते काम कोणतं, ते पुढे येईलच. आधी तुमच्या ‘का’चं उत्तर.

सिगरेटचा झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून दीड-दोन तासांनी हात पुन्हा खिशाकडे जातो. हा झाला शरीराचा भाग. तुमच्या मेंदूनं मात्र सोळा वर्षांत आणखी एक गोष्ट पाठ केली आहे : अंधेरी आलं, जिना चढलो, टपरी दिसली, चहाची वाफ आली, चौघांचे चेहरे दिसले, की निकोटीन मिळणार. निकोटीन शरीरातून दोन-चार दिवसांत जातं. हा पाठ तसा जात नाही. सोडल्यानंतरची चिडचिड, बेचैनी, झोपमोड सगळ्यात जास्त असते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. तुम्ही घसरलात दहाव्या-बाराव्या दिवशी. म्हणजे शरीराचा सगळ्यात कठीण टप्पा तुम्ही एकट्यानं, तोही दोनदा, पार केला होता. निश्चय कच्चा असलेल्या माणसाला हे जमत नाही. तुम्हाला परत ओढलं ते बहुतेक टपरीनं.

आता त्या टपरीवरच्या चौघांच्या जागी उभे राहून पाहा. तुम्ही सोडली आहे हे त्यांना ठाऊकच नाही. नेहमीच्या प्रेमानं त्यातला एक जण तुमच्यापुढे सिगरेट धरतो. ‘आज नको’ म्हणालात तर तो विचारतो, ‘का रे, बरं नाही का?’ त्याचा काहीच दोष नाही. गुपचूप सोडणारा माणूस आपल्याच मित्रांना नकळत आपल्या विरोधात उभं करतो, आणि रोज नवी सबब शोधण्यात त्याचा निश्चय झिजत जातो. काहीही मदत न घेता, नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. बाकीचे पंचाण्णव जण दुबळ्या मनाचे असतात, असं मी मानायला तयार नाही.

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा एक मोठा अभ्यास आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. हृदयरोगाच्या संशोधनासाठी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या तपासणी होते, आणि पत्ता हरवू नये म्हणून प्रत्येकाच्या नातेवाइकांची, जवळच्या मित्राची नोंदही ठेवली जाते. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ माणसांच्या नोंदींवरून कोण कुणाचं कोण आणि कुणी कधी सिगरेट सोडली, याचं जाळं मांडलं. २००८ साली हे काम प्रसिद्ध झालं. नवरा-बायकोपैकी एकानं सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती. मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी, भावंडानं सोडली तर २५ टक्क्यांनी, छोट्या कार्यालयातल्या सहकाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं सुटी सुटी सोडत नव्हती, घोळकेच्या घोळके एकदम सोडत होते.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढची आहे. शेजाऱ्यानं सोडण्याचा काहीही परिणाम दिसला नाही. भिंतीला भिंत लागून घर असलं तरी नाही. नायगाव पूर्वेच्या नव्या संकुलांत राहणाऱ्या कुणालाही हे पटेल. मजल्यावरच्या चार घरांची नावं माहीत नसतात, पण सकाळच्या गाडीतल्या आठ जणांची पोरंबाळं, कर्जाचे हप्ते, आईवडिलांची दुखणी सगळं माहीत असतं. तुमचं गाव म्हणजे तुमचा डबा. सिगरेट तिथूनच धरली गेली आहे आणि सुटायचीही तिथूनच.

आपल्याकडे हे शहाणपण जुनंच आहे. वारकरी गळ्यात माळ घालतो तेव्हा ती सगळ्यांना दिसते. मग त्याला कुणी आग्रह करत नाही, उलट पंगतीत त्याच्यासाठी वेगळी सोय होते. श्रावण पाळणाऱ्याचंही तसंच. तुमच्याच वसईत ख्रिस्ती कुटुंबांमध्ये उपवासकाळातले चाळीस दिवस अनेक जण दारू-सिगरेट बंद ठेवतात, आणि ते जमतं याचं एक कारण असं की त्या दिवसांत आजूबाजूचेही पाळत असतात. व्रत सांगून धरायचं असतं, ते यासाठी.

पुण्याच्या मुक्तांगणचा सगळा डोलारा याच पायावर उभा आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं. सुरुवात झाली ती गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांसाठी. तिथे जे बरे झाले त्यांतलेच कित्येक जण पुढे समुपदेशक झाले, कारण व्यसनी माणसाची पळवाट जुन्या व्यसनी माणसाला लगेच ओळखू येते. पत्नींसाठीही त्यांनी ‘सहचरी’ हा गट बांधला. घर सोबत आलं नाही तर माणूस केंद्रातून बाहेर पडून पुन्हा त्याच गल्लीत जातो, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’चं कामही गाव एकत्र बसवूनच होतं, तिथला मुख्य शत्रू दारूइतकाच तंबाखू आहे.

आता कामाची वाटणी.

ग्रुपमधल्या एकालाच बाजूला घ्या. ज्याच्याकडे उसनवारीचं बोलता येतं, त्यालाच. त्याला सांगा : पहिले तीन आठवडे अंधेरीला उतरल्यावर माझ्याबरोबर सरळ चालायला लाग, टपरीकडे वळायचं नाही. एवढंच त्याचं काम. बाकीच्यांना एक वाक्य पुरे : ‘मी सोडली आहे, मला विचारू नका.’ त्यातला एखादा ‘मीही येतो’ म्हणाला तर फ्रॅमिंगहॅमचं गणित तुमच्या बाजूनं झालं. कुणी हसलंच तर ते पहिल्या आठवड्यात हसेल. सोडायची इच्छा त्यातल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेली असते. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडायचं मनात आहे, असं सांगितलं होतं.

वहिनींचं काम वेगळं. पहिले पंधरा दिवस तुमचं बोलणं तिरसट होईल हे त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि घरातली काडेपेटी-लायटर देव्हाऱ्याजवळची सोडून बाकी काढून टाकायला सांगा.

तिसरा आधार अनोळखी माणसाचा. ओळखीच्यांपुढे घसरल्याची लाज वाटते, म्हणून तो हवाच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली; पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र झालं, त्यामुळे मराठीतही बोलता येतं. नंबर १८००-११-२३५६. पैसे लागत नाहीत. समुपदेशक तुम्हाला तारीख ठरवायला लावतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. पण तुम्ही सुटी घेता, तुमच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्रात सुट्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी ती राजरोस चालते, आणि त्यामुळे ज्याला नंबर हवा त्यालाच तो दिसत नाही. म्हणून इथे ठळक लिहिला.

तलफ येईल तेव्हा काय करायचं? एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. नायगाव सुटल्यावर खाडीचे दोन पूल आणि मधलं पाणजू बेट ओलांडून भाईंदर येतं ना, जवळपास तेवढाच वेळ. तेवढा वेळ पाणी प्या, चाला, त्या मित्राला फोन लावा. चहा मात्र निम्मा करा. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन झपाट्यानं बाहेर टाकत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं सिगरेट नसल्यामुळेच हे होतंय.

निकोटीनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो नेहमीच्या च्युइंगमसारखा सतत चघळू नका. चार-दोनदा चावा, जीभ झणझणली की गालाच्या कोपऱ्यात धरून ठेवा, झणझण गेली की पुन्हा चावा. चहा किंवा सरबतानंतर पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन ही औषधं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नका. सुरुवातीला खोकला वाढला तर घाबरू नका. धुरानं निपचित पडलेल्या श्वासनलिकेतल्या केसांसारख्या बारीक तंतूंनी पुन्हा झाडलोट सुरू केलेली असते.

एक गोष्ट मात्र बदला. गणपतीची तारीख. भावना समजते, पण गणपतीत जागरणं असतात, पत्त्यांचे डाव बसतात, आणि डावाभोवती धूर असतोच. नवशिक्यानं भरतीच्या वेळी खाडीत उतरू नये. गणपतीच्या तीन आठवडे आधीचा साधा सोमवार-मंगळवार धरा, म्हणजे बाप्पा येईपर्यंत अवघड दिवस मागे पडलेले असतील. मंगळवार बरा, कारण सोमवारी ती दूरध्वनी सेवा बंद असते.

आणि चुकून एक ओढली गेली तर? ती एकच राहू द्या. त्याच संध्याकाळी त्या मित्राला सांगा. मागच्या दोन वेळांत आणि या वेळेत फरक पडणार आहे तो इथेच : तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. चाळिशीच्या सुमारास सोडणाऱ्याला सरासरी नऊ वर्षांचं आयुष्य परत मिळतं, असं ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. तुम्ही ३९ वर्षांचे आहात.

प्रश्न : माझे मिस्टर सिगरेट सोडायचा प्रयत्न करत आहेत. घरात सासूबाई रोज दोन-तीनदा मिश्री लावतात. मिस्टर म्हणतात, ‘आईचं चालतं, मग मलाच का बोलता?’ मिश्री सिगरेटइतकी वाईट असते का? आणि सासूबाईंना कसं सांगायचं?
— एक वाचक भगिनी, नायगाव कोळीवाडा

उत्तर : ताई, मिश्री म्हणजे भाजून वाटलेला तंबाखूच. निकोटीन हिरडीतून शोषलं जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच. महाराष्ट्रात तर खरा प्रश्न धुराचा कमी आणि चघळण्या-लावण्याचा जास्त आहे. २०१६-१७ च्या त्याच पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे होते, तर धूर न होणारा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणून तुमच्या मिस्टरांवर एक लक्ष ठेवा : सिगरेट सुटली आणि हातावर चुना-तंबाखू मळायला लागले, असं होऊ देऊ नका. अशी अदलाबदल फार घरांत होते.

सासूबाई कदाचित म्हणतील, मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही. त्या खोटं बोलत नाहीत. निकोटीन बंद झाल्यावर काही दिवस पोट खरंच अडतं. भरपूर पाणी, पालेभाजी, सकाळी फेरफटका, एवढ्यानं दोन-तीन आठवड्यांत ते मार्गी लागतं. त्याआधी एकदा त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या आणि तोंड तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका.

मिस्टरांचे खिसे तपासू नका, पाहुण्यांपुढे विषय काढू नका. ‘बघू किती दिवस टिकतं’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही, एवढं ठरवून टाका. आणि त्यांचा टोमणा उलट कामाला लावा. आईला त्यांनीच सांगू दे : ‘मी सोडतो, तूही सोड.’ सुनेनं सांगितलेलं मनाला लागतं, मुलानं मागितलेलं आई देते. वर दिलेला नंबर मिश्रीसाठीही चालतो, तो सासूबाईंच्या फोनमध्ये भरून ठेवा. दोघांची तारीख एकच धरा, आणि महिन्याभरानं दोघांचं कसं चाललं आहे ते आम्हाला जरूर कळवा.