कुत्र्याचे अन्न आणि आपले आरोग्य

धाराशिव जिल्ह्यातील वाडीवस्त्यांवर राखणीचे कुत्रे सर्रास पाळले जाते. त्याला आपण खायला काय घालतो? रात्रीची शिळी भाकरी, उरलेले कालवण, कधी एखादे हाडूक. माणसाला नको ते कुत्र्याला, असा रिवाजच पडला आहे. कुत्र्याला सारे पचते, ही त्यामागची समजूत. ती कितपत खरी आहे?

१९७४ सालची एक घटना पहा. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. तो नीट न वाळताच साठवला गेला व त्यावर बुरशी चढली. आधी गावातील कुत्री आजारी पडली. त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी साठले. पाठोपाठ तीच लक्षणे माणसांत दिसू लागली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. माणसे आणि कुत्री एकच मका खात होती.

हे विष अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी तयार करते. भुईमूग, मका, ज्वारी अशा धान्यांवर ओलसर हवेत ती वाढते. विषाचा मारा मुख्यतः यकृतावर होतो. बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात उरते. भाकरी भाजल्यानेही ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून काढणीच्या वेळी भिजून काळे पडलेले धान्य किंवा बुरशी आलेले शेंगदाणे कुत्र्यासाठी वेगळे काढू नयेत.

दुसरा धोका मांसाचा. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याची ख्याती. बोकड कापल्यावर फुप्फुस, यकृत यांवर कधी पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या हायडॅटिड गाठी होत. खाटीक असा भाग फेकतो आणि कुत्री त्यावर तुटून पडतात. गाठीतील सूक्ष्म जीवांपासून कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. कुत्रे वरून धडधाकट दिसते; पण त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती गवतावरून शेळीच्या पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसेच जेवायला बसलो, तर अंडी आपल्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात तशाच गाठी होतात. त्या काढण्यासाठी पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते.

हे चक्र कोठे तोडता येईल, ते सांगा पाहू! कुत्र्याला कच्चे मांस न मिळाले की साखळी तुटली. म्हणून टाकाऊ अवयव खोल पुरावेत. कुत्र्याला घालायचेच, तर गाठी नसलेले मांस निदान अर्धा तास उकळून घालावे. पशुवैद्यांच्या सल्ल्याने कुत्र्याला ठरावीक काळाने जंताचे औषध द्यावे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

स्वयंपाकघरातील काही पदार्थही कुत्र्याला बाधतात. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेटमधील थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. कोंबडीच्या शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. म्हणजे मसालेदार रस्सा कालवलेली भाकरी हे कुत्र्याचे अन्न नव्हे. साधी ताजी भाकरी किंवा भात, सोबत उकडलेले अंडे वा शिजवलेले बिनहाडाचे मांस आणि स्वच्छ पाणी द्यावे. उष्टे उरले तर दोन तासांत भांडे घासून ठेवावे.

एक प्रयोग करा. भाकरीचा एक तुकडा कडक वाळवा, दुसऱ्यावर पाणी शिंपडा. दोन्ही निरनिराळ्या बरण्यांत घालून झाकणे घट्ट लावा आणि पाच दिवस रोज बाहेरूनच निरीक्षण नोंदवा. बरणी उघडून वास घेऊ नका. शेवटी ओला तुकडा शिक्षकांच्या देखरेखीखाली पुरून टाका. कोणत्या तुकड्यावर बुरशी आली, आणि का?

कुत्र्याने अन्न सोडले, उलट्या केल्या किंवा त्याचे डोळे पिवळे दिसले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्याने खाल्लेल्या अन्नाचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि घरी परतल्यावर धान्याची कणगी उघडून पहा. कुत्र्याने जे खाल्ले, तेच धान्य आपल्याही ताटात येत असेल.