तात्यांच्या गोळ्यांचा कागद

तात्यांना अंतर्गळाचा त्रास होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. दिवस ठरला.

तात्या रोज रक्तदाबाची गोळी घेत. दोन दिवस आधी ते सुनेला म्हणाले, "आता पोट कापायचंच आहे. मग ही गोळी कशाला?"

सून म्हणाली, "मामंजी, आपल्या मनानं सोडू नका. डॉक्टरांना विचारू."

सून साक्षरता वर्गाला जात असे. तिने पाकिटावरचे नाव वाचले. ते कागदावर लिहिले. किती वाजता घेतात तेही लिहिले.

डॉक्टरांनी कागद पाहिला. ते म्हणाले, "तात्या, ही गोळी बीटाब्लॉकर जातीची आहे. एकाएकी सोडली तर नाडी धावते, रक्तदाब उसळतो, हृदयाला धोका होतो. शस्त्रक्रियेच्या सकाळीही ती घोटभर पाण्याबरोबर घ्या. सगळ्यांची गोळी मात्र सारखी नसते. काही जातींची गोळी आम्हीच एक दिवस आधी थांबवतो. नाहीतर भूल दिल्यावर रक्तदाब फार उतरतो."

तात्यांनी विचारले, "मागाहून फार दुखेल का हो?"

"दुखेल, पण औषध देऊ. दुखले की रक्तदाबही चढतो. म्हणून दुखणे सोसत बसू नका, सांगा. गंमत अशी, की रक्तदाबाची काही औषधे दुखणेही थोडे कमी करतात. क्लोनिडीन हे त्यातलेच. वेदनेचा निरोप मेंदूकडे जातो, तो ते मंद करते. पण ते किती द्यायचे, हे भूल देणारे डॉक्टर ठरवतात. घरी रक्तदाबाची गोळी जास्त घेतली तर चक्कर येऊन पडाल."

शस्त्रक्रिया नीट झाली. तात्या घरी आले. रात्री टाके ठणकू लागले. शेजारी म्हणाला, "ही घ्या माझी गोळी. माझी कंबर हिनंच थांबते."

सुनेने पाकीट वाचले. डायक्लोफेनॅक! डॉक्टरांनी कागदावर पॅरासिटामॉल लिहिले होते. खाली लिहिले होते, "डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडावर ताण येतो."

तिने शेजाऱ्याची गोळी परत दिली. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी तात्यांना दिली. थोड्या वेळाने ठणका कमी झाला. तात्यांना झोप लागली.

सकाळी तात्या म्हणाले, "सूनबाई, तुझी अक्षरं कामाला आली. मलाही शिकव."

ध्यानात ठेवा :
१. शस्त्रक्रियेआधी आपल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवा.
२. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने सोडू नका, वाढवू नका.
३. दुसऱ्याची दुखण्याची गोळी घेऊ नका.